पहिली कादंबरी: पैसे कुठे लागतात, कुठे लावावेत

कादंबरी लिहून झाली की पहिला प्रश्न येतो, प्रकाशक कोण? दुसरा लगेच मागोमाग येतो, किती लागतील? माझी पहिली कादंबरी बाजारात आल्यापासून नव्या लेखकांचे जे फोन येतात, त्यांत हा दुसरा प्रश्न असतोच, आणि तो विचारताना आवाज हमखास खाली जातो. तसं व्हायचं काही कारण नाही. पुस्तकाला कागद लागतो, माणसांचे तास लागतात, आणि दोन्हींचा हिशेब मांडता येतो.

माझं म्हणणं एकच आहे. पैसा आधी वाचून घेण्यावर आणि संपादनावर घालावा, मग छपाईवर, आणि समारंभावर सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे बहुतेकदा हा क्रम उलटा असतो आणि पुस्तक त्याची किंमत मोजतं.

हिशेबासाठी एक नमुना धरू: साठ हजार शब्दांची कादंबरी, डेमी आकार, २४० पानं, साधी बांधणी, ५०० प्रती. पुढचे दर पुण्या-मुंबईकडे ऐकू येणारे आणि ढोबळ आहेत. जिल्ह्याच्या गावी ते कमी पडतात, नावाजलेल्या माणसांकडे जास्त. ते पाया म्हणून घ्या आणि प्रत्येक कामासाठी तीन ठिकाणी लेखी दर मागवा.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी. प्रकाशकाने कादंबरी स्वीकारली असेल, तर खर्च त्याचा असतो. १९६३ साली रा. ज. देशमुखांनी पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ छापली, किंवा १९७४ साली मौजेने किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ काढली, तेव्हा लेखक नवा होता आणि जोखीम प्रकाशकाची होती. प्रकाशकाचं काम हेच. तेव्हा आधी प्रकाशकांकडे पाठवा, उत्तराला सहा-आठ महिने द्या, आणि तोवर पुढच्या दोन गोष्टी करा. त्या स्वस्त आहेत आणि कादंबरी कुणीही काढली तरी वाया जात नाहीत.

वाचून घ्या, वाचत राहा

साठ हजार शब्दांचं हस्तलिखित ए-फोर कागदावर जरा मोकळ्या ओळींत छापलं तर १७० पानांच्या आसपास होतं. पाठपोट प्रिंट आणि स्पायरल मिळून एका प्रतीला २५० ते ३०० रुपये. अशा पाच प्रती काढा. दीड हजाराचा हा खर्च संपूर्ण प्रवासातला सगळ्यांत मोलाचा आहे. प्रती नातेवाइकांना देऊ नका, ते कौतुक करतील. एक प्रत भरपूर कादंबऱ्या वाचणाऱ्याला द्या, एक कथा जिथे घडते त्या भागातल्या माणसाला, एक तुमच्या पात्राचा व्यवसाय करणाऱ्याला. आवडली का, असं विचारूच नका. वाचताना पुस्तक कुठे बाजूला ठेवलंत, एवढंच विचारा. पाचपैकी तिघांनी एकाच प्रकरणाचं नाव घेतलं, तर दुखणं त्या प्रकरणात किंवा त्याच्या आधीच्या प्रकरणात आहे.

दुसरं काम फुकट आहे. संपूर्ण कादंबरी मोठ्याने वाचा. साठ हजार शब्दांना आठेक तास लागतात, चार-पाच संध्याकाळी होऊन जातं. संवादातलं पुस्तकी वाक्य डोळ्यांना चुकवून जातं, जिभेवर मात्र अडखळतं. कीर्तनकार, शाहीर, घरातली आजी, सगळ्यांनी गोष्ट कानासाठी सांगितली. ऐकणारा कधी चुळबुळ करेल हे त्यांना आधीच कळायचं, आणि मोठ्याने वाचताना आपल्यालाही थोडंफार कळू लागतं.

वाचनावरचा खर्चही याच खात्यात धरावा. सार्वजनिक ग्रंथालयाची वर्गणी महिन्याला एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी पडते. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून, आणि तालुक्यातालुक्यांतही नगर वाचनालयं उभी आहेत. तिथे बसून दुसऱ्यांच्या पहिल्या कादंबऱ्या वाचा. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ ची. एक बोट, थोडे दिवस, युरोपातून परतणारा एक तरुण आणि जर्मनीतून हाकलली गेलेली एक मुलगी, एवढ्यावर ती उभी आहे. छोटेखानी आहे आणि आजही हातातून सुटत नाही. पहिल्या कादंबरीत आयुष्यभराचं सगळं ओतायचा मोह होतो, त्यावर याहून चांगला उतारा मला माहीत नाही.

संपादकाचं मानधन

मराठीत संपादन आणि मुद्रितशोधन यांची सर्रास गल्लत होते. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, सुटलेली अक्षरं पाहतो. संपादक कथा पाहतो: हे पात्र इथे का आलं, ही माहिती तिसऱ्या प्रकरणात का हवी, हा शेवट कमावलेला आहे का. मौजेच्या श्री. पु. भागवतांनी आणि राम पटवर्धनांनी हे काम ज्या निष्ठेने केलं, त्यामुळे मराठी लेखकांच्या एका पिढीचं लेखन घडलं. आज प्रत्येक प्रकाशनसंस्थेत असा माणूस नसतो. म्हणून स्वखर्चाने काढणाऱ्याने संपादक स्वतः शोधायचा.

पानाला ५० ते १२५ रुपये असा दर धरला, तर २४० पानांना १२ ते ३० हजार होतात. आकडा मोठा वाटतो, पण त्यात काय मिळतं ते पाहा. माझ्या संपादकांनी पहिल्या फेरीत समासात पेन्सिलने एक वाक्य लिहिलं होतं: ‘हे वाचकाला आधीच कळलंय.’ पुढे ते वाक्य आखडत ‘कळलंय’ एवढंच उरलं आणि कित्येक पानांवर दिसत राहिलं. त्या सगळ्या पानांवर काटछाट झाल्यावर पुस्तक हलकं झालं आणि नायिकेचा राग पहिल्यांदा स्पष्ट दिसला.

या हलकेपणाला बाजारातही किंमत आहे. पुस्तक १६ पानांच्या फॉर्मवर छापतात. संपादनात ४८ पानं कमी झाली म्हणजे तीन फॉर्म वाचले. ५०० प्रतींना अक्षरजुळणी, प्रुफं, कागद, छपाई मिळून आठ-नऊ हजार रुपये कमी. मानधनाचा बराचसा भाग तिथेच भरून निघतो.

पूर्ण संपादन परवडत नसेल, तर पहिल्या ५० पानांचं करून घ्या आणि बाकीच्या पुस्तकावर तेच निकष स्वतः लावा. अर्धवट आहे, पण अजिबात नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

अक्षरजुळणीतली एक अडचण

डीटीपी पानाला २५ ते ४० रुपये, म्हणजे सहा ते साडेनऊ हजार. मुद्रितशोधन एका वाचनाला पानामागे १२ ते २० रुपये. दोन वाचनं हवीतच, म्हणजे पावणेसहा ते साडेनऊ हजार.

इथे एक जागा नीट बघा. तुम्ही फोनवर किंवा संगणकावर युनिकोडमध्ये टाइप केलेलं असतं. बरेच डीटीपी ऑपरेटर अजूनही श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये काम करतात आणि मजकूर कन्व्हर्टरमधून काढून घेतात. त्या रूपांतरात काही ठरावीक अक्षरं फुटतात: ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र, ‘ॲ’ची चंद्रकोर, ‘ङ्म’सारखी जोडाक्षरं, अवतरणचिन्हं. पहिलं प्रूफ हातात आलं की आधी गोष्ट वाचू नका. फक्त ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ शोधत पानं चाळा. एका ठिकाणी फुटलं असेल तर सगळीकडे फुटलंय असं समजून ऑपरेटरला एकगठ्ठा बदल करायला सांगा. हे दुसऱ्या प्रुफानंतर लक्षात आलं, तर दुरुस्तीचे पैसे वेगळे लागतात. दर ठरवतानाच किती फेऱ्यांच्या दुरुस्त्या त्यात धरल्या आहेत हे विचारा, आणि काम संपल्यावर पीडीएफबरोबर मूळ ओपन फाइलही मिळेल असं लिहून घ्या.

मुखपृष्ठाला ५ ते १२ हजार. चित्रकाराला कादंबरी वाचायला द्या, निदान तीन प्रकरणं. इंटरनेटवरून उचललेलं छायाचित्र मुखपृष्ठावर टाकू नका, त्याच्या हक्काचा दावा पुस्तक छापून झाल्यावरही येऊ शकतो.

कागद आणि छपाई

डेमी पुस्तकासाठी २३ बाय ३६ इंची कागद वापरतात. एका शीटमध्ये पाठपोट ३२ पानं बसतात. २४० पानांच्या एका प्रतीला साडेसात शीट, ५०० प्रतींना ३,७५० शीट, म्हणजे साडेसात रीम. ७० जीएसएमच्या एका रीमचं वजन पावणेएकोणीस किलोच्या आसपास. नासधूस धरून १४५ ते १५० किलो कागद. एवढं गणित जवळ असलं की मुद्रकाने ‘कागदच महागलाय’ म्हटल्यावर किलोचा दर विचारता येतो आणि बोलणं सरळ होतं.

प्लेट, छपाई, बांधणी, लॅमिनेशन सगळं धरून ५०० प्रतींना दर प्रतीमागे ८० ते ११० रुपये, म्हणजे ४० ते ५५ हजार. हजार प्रती काढल्या तर दर उतरतो, म्हणून मुद्रक हजारांचा आग्रह धरतो. पहिल्या कादंबरीला तो मोडून काढा. न खपलेले गठ्ठे घरातली एक भिंत व्यापतात आणि पावसाळ्यात त्यांना ओल धरते. शंभरच प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई घ्या. प्रत दीडशे-दोनशेला पडेल, पण एकूण रक्कम लहान राहील. बिलावर जीएसटी लागतो. छापील पुस्तकाच्या विक्रीवर तो शून्य आहे, त्यामुळे भरलेला कर परत मिळत नाही. कोटेशन करासहित मागा.

आता बेरीज. संपादन, जुळणी, शोधन, मुखपृष्ठ, छपाई आणि वाहतूक मिळून ७० हजार ते १ लाख २० हजार. मधला आकडा ९० हजार धरू, म्हणजे प्रत १८० रुपयांना पडली. किंमत ३५० ठेवली आणि विक्रेत्याला ४० टक्के दिले, तर हातात २१० येतात. ९० हजार भरून निघायला ४२९ प्रती खपायला हव्यात. पाचशेतल्या पन्नास-साठ तर अभिप्राय, पुरस्कार आणि जिव्हाळ्याच्या माणसांना जाणार. म्हणजे जवळपास सगळ्या प्रती खपल्या तरच खर्च निघतो. हे गणित आधी घरच्यांसमोर मांडा. कर्ज काढून किंवा कुणाचं लग्नाचं सोनं मोडून पुस्तक काढू नका, हे मी अगदी मनापासून सांगते.

‘दोनशे प्रती तुम्ही घ्या’

अनेक नव्या लेखकांना प्रकाशकाकडून असा प्रस्ताव येतो: पुस्तक आम्ही काढतो, तुम्ही २०० प्रती तीस टक्के सवलतीत घ्या. ऐकायला रास्त वाटतं. ३५० च्या पुस्तकाच्या २०० प्रती २४५ दराने म्हणजे ४९ हजार रुपये. वरचा छपाईचा आकडा पुन्हा बघा. ५०० प्रतींची सगळी छपाई तुमच्याच पैशांत झाली. उरलेल्या ३०० प्रती प्रकाशकाला फुकट पडल्या आणि विक्रीची निकड संपली. असं करायचंच असेल तर डोळे उघडे ठेवून करा: उरलेल्या प्रतींवर रॉयल्टी दहाऐवजी वीस-पंचवीस टक्के मागा आणि संपादन कोण करणार हे नावानिशी लिहून घ्या. पैसे घेऊन पुस्तक काढून देण्याचं ‘पॅकेज’ विकणाऱ्यांनाही संपादन कोण करणार हे विचारा. ‘प्रसिद्धी’ या सदराखाली नेमकं काय, किती दुकानांत किती प्रती, याचं लेखी उत्तर आलं नाही तर त्या सदराचे पैसे वजा करायला सांगा.

आयएसबीएनसाठी कुणी पैसे मागितले, तर देऊ नका. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो विनामूल्य देते, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि लेखक स्वतः करू शकतो. स्वामित्वहक्क लिहिता क्षणीच तुमचा असतो. नोंदणी ऐच्छिक आहे, साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क ५०० रुपये. स्वतः प्रकाशक झालात, तर १९५४ च्या कायद्यानुसार ३० दिवसांत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, चेन्नईच्या कॉनेमारा ग्रंथालयाला, मुंबईला एशियाटिक सोसायटीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीला स्वखर्चाने पाठवायची असते. चार प्रती आणि टपालखर्च, पण पुस्तक कायमचं जपलं जातं.

करारात काय बघाल

रॉयल्टी साधारण छापील किमतीच्या दहा टक्के असते. ३५० च्या ५०० प्रती सगळ्या खपल्या तर १७,५०० रुपये. छापील किमतीवर की प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर, एवढ्या एका शब्दाने ती जवळपास निम्मी होऊ शकते, म्हणून ते वाक्य दोनदा वाचा. स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखीच असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. अनुवाद, श्राव्य पुस्तक, ई-बुक, चित्रपट हे हक्क वेगवेगळे आहेत. कागदी पुस्तक काढणाऱ्याला ते सगळे एका ओळीत देऊन टाकू नका.

कादंबरीत कुणाच्या कवितेच्या ओळी वापरल्या असतील, तर तोही खर्चाचा विषय आहे. हक्क कवीच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतात. बालकवी, केशवसुत मोकळे आहेत. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणून २०१६ च्या अखेरीनंतर तेही. गदिमा १९७७ साली गेले, त्यांच्यासाठी २०३७ च्या अखेरपर्यंत परवानगी लागेल, आणि कुसुमाग्रजांसाठी २०५९ च्या. परवानगीचं पत्र छपाईआधी हातात हवं. त्यापेक्षा पात्राला गाणं गुणगुणू द्यावं आणि ओळ न देता पुढे जावं, हे बहुतेक वेळा कथेलाही बरं पडतं.

वाचकापर्यंत

पाचशेतल्या निदान दोनशे प्रती स्वतः थेट विका, कारण दुकानाचं कमिशन वाचतं. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर. जाते सावकाश, पाकिटावर तसं लिहावं लागतं, आणि व्यापारी-जाहिरातवजा छापील साहित्याला ती चालत नाही. काउंटरवर पुस्तक दाखवून विचारून घ्या. आपल्या नमुन्यातली २४० पानी प्रत ७० जीएसएम कागदावर कव्हरसकट पावणेतीनशे ग्रॅमच्या घरात जाते, पातळ पाकिटात ३०० च्या आत बसते. तेच पुस्तक ८० जीएसएमवर काढलं तर पाकिटाविनाच ३०० ओलांडतं. कागद निवडतानाच हे ठरवायचं असतं.

समारंभाचं बजेट मी पाहिलंय ते १५ हजारांपासून ४० हजारांपर्यंत: सभागृह, फ्लेक्स, पाहुण्यांचा प्रवास, शाल-श्रीफळ, अल्पोपाहार. एवढ्यात संपादकाचं मानधन होतं. गावातल्या वाचनालयाची खोली मागा. बहुतेक ग्रंथपाल आनंदाने देतात. व्यासपीठावर एकच माणूस बसवा, ज्याने पुस्तक पूर्ण वाचलंय असा, आणि अर्धा तास वाचनाला द्या. त्याआधी जमलं तर एखादं प्रकरण दिवाळी अंकाकडे पाठवा. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला तेव्हापासून नव्या लेखकाला अनोळखी वाचक मिळण्याची ही आपली हक्काची जागा आहे, आणि मानधन थोडं का होईना, उलट आपल्याकडे येतं.

पैसे परत येण्याच्या वाटा थोड्या आहेत, पण आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना अप्रकाशित पहिल्या पुस्तकासाठी आहे, म्हणून तिचा विचार छापण्याआधी करा. राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा ५० हजारांचा पुरस्कार आहे. पस्तिशीच्या आतल्यांसाठी साहित्य अकादेमीचा युवा पुरस्कारही ५० हजारांचाच. २०२४ साली तो तुळजापूरला शिवणकाम करणाऱ्या देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला मिळाला. प्रवेशशुल्क मागणाऱ्या पुरस्कारांना मात्र पुस्तक पाठवू नका. जुनी करप्रणाली घेतलेल्या लेखकाला साहित्यकृतीच्या रॉयल्टीवर अटींसह वर्षाला ३ लाखांपर्यंत वजावट मिळते. सल्लागाराला आठवण करून द्या.

पहिली आवृत्ती संपत आली की वाचकांनी कळवलेले मुद्रणदोष एका प्रतीत लाल शाईने उतरवून ठेवा. दुसऱ्या आवृत्तीला संपादन, जुळणी, मुखपृष्ठ हे खर्च पुन्हा नसतात. ओपन फाइल तुमच्याकडे असेल, तर दुरुस्त्यांचे हजार-दोन हजार आणि छपाई, एवढ्यात ३०० प्रती निघतात. आयएसबीएन नवा घ्यावा लागत नाही, मजकुरात मोठा बदल केला नसेल तर. मुद्रकाला मात्र आधीच्याच कागदाचा नमुना दाखवा आणि वजन करून घ्या.